राघो मुकादमाचे कोळसे

राघो भोईर मुकादमाविषयी नौपाड्यात दोन गोष्टी सांगितल्या जात. पहिली अशी की, त्याने हयातीत कोणावर विश्वास ठेवला नाही. दुसरी अशी की, त्याला फिरंग्यांचे सोने सापडले आणि ते त्याने पचवले. पहिली गोष्ट बव्हंशी खरी आहे. दुसरी खोटी आहे. मात्र ती खोटी असल्याचे शपथेवर सांगणारी माणसे दोनच होती. एक राघो स्वतः, आणि दुसरी खाडीकाठची एक विधवा, जिचा तसे सांगण्यात फायदा होता. लोकांनी कोणाचे खरे मानावे, हे अशा वेळी सांगावे लागत नाही.

राघो मूळचा आंबिवलीचा. कल्याणच्या पुढे रेल्वेचा रस्ता पडू लागला तेव्हा तो मातीच्या पाट्या वाहत होता. तिथून तो दगडाच्या कामात शिरला, कल्याणच्या पडक्या तटाच्या चिऱ्यांवर त्याचा हात बसला, आणि ऐन तिशीत तो ठाण्याच्या एका कंत्राटदार शेटचा मुकादम झाला. शेटचा धंदा साधा होता. ओस पडलेली जुनी बांधकामे लिलावात घ्यायची आणि त्यांचे दगड पुलांना, गटारांना, साहेबांच्या बंगल्यांच्या जोत्यांना विकायचे. खाणीतून नवा दगड काढण्यापेक्षा मेलेल्या इमारतीचा दगड स्वस्त पडे. त्या वर्षांत ठाणे आणि कल्याण तालुक्यांतल्या किती तरी भिंती अशा रीतीने एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा राघोच्या देखरेखीखाली उठल्या.

त्याची कामाची एक रीत होती, आणि तिच्यापायी शेट त्याच्यावर वैतागत असे. लिलाव झाला की लगेच पहारी लावायच्या नाहीत. आधी राघो एकटाच त्या पडक्यात जाऊन काही दिवस मुक्काम करी. ‘पडक्याला धनी नसतो’ असे लोक म्हणतात. राघोचा अनुभव उलटा होता. जोवर भिंत उभी असते तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि पहिला चिरा हलला की कोणाचा देव, कोणाचा आजा, कोणाची वहिवाट, असे धनी चहूबाजूंनी उगवतात. म्हणून आधी पाहून घ्यावे. कोणत्या कोपऱ्यात वटवाघळे नाहीत, म्हणजे तिथे माणसांचा राबता आहे. कोणते काजळ जुने, कोणते ताजे. गवत कुठे वाढत नाही. तो काठीने भिंत वाजवत खोलीखोलीतून हिंडे, आणि त्या इमारतीत कोण राहिले, कसे राहिले, का गेले, याचा मनाशी हिशेब मांडी. लोकांनी सांगितलेली हकीकत तो ऐकून घेई, पण भिंतीने दुजोरा दिल्याशिवाय मानीत नसे.

घरीही त्याचा हाच खाक्या होता. ताटातल्या आमटीकडे तो क्षणभर निरखून पाही. त्याची बायको सगुणा एकदा म्हणाली, “मुकादम, निदान माज्या हातचं तरी असा वाजवून बघू नको. मीठ घातलंय. इख नाय घातलं.”

“जास्ती झालंय,” राघो म्हणाला.

“कंचं?”

शके अठराशे आठच्या माघात शेटने शिलाडे गावची कोठी घेतली. ठाण्याच्या उत्तरेला, खाडीच्या काठी, फिरंगी अमलातली ही दुमजली इमारत छप्पर पडून उघडी झालेली होती. हुकूम असा होता की भिंतीच नव्हे, पायाचेही दगड काढावेत. पाया काळ्या घडीव दगडाचा होता आणि त्याला भाव होता.

राघोने नेहमीप्रमाणे आधी मुक्काम टाकला. कोठीची हकीकत गावात एकच होती. मराठ्यांची फौज आली त्या रात्री इथला पाद्री अंगावरच्या कपड्यांनिशी पळाला आणि सोने इथेच पुरून गेला. राघोने दरवाजे पाहिले. चौकटींवर बिजागऱ्या नव्हत्या. पण त्या उपटलेल्याही नव्हत्या. खिळे एकेक करून सफाईने काढलेले होते आणि भोके शाबूत होती. जो रातोरात पळतो तो बिजागऱ्या काढीत बसत नाही. इथले लोक सावकाश, सामान बांधून, दुसरीकडे दरवाजे लावायच्या इराद्याने गेले होते, आणि असे लोक सोने विसरत नाहीत. आतल्या बाजूला एका चिऱ्यावर अर्धे कमळ कोरलेले होते आणि ते उलटे बसवलेले होते. म्हणजे कोठीच्या आधी इथे किंवा जवळपास एखादे देऊळ होते आणि त्याचेही दगड कोणीतरी असेच उचलले होते. खालच्या दालनाच्या भिंतींना हातभर उंचीपर्यंत लोणा लागलेला होता. फिरंगी गेल्यावर तिथे पुष्कळ काळ मीठ साठवले गेले असावे. राघोचा हिशेब जुळला. ही कोठी देवळातून निघाली, व्यापारावर जगली आणि मिठाने खाल्ली. धनबिन काही नाही.

खटकले ते वेगळेच. गावातून कोणीही तक्रार घेऊन आले नाही.

उलट धाकू पाटील दुसऱ्याच दिवशी भाकरी आणि कालवांचे कालवण घेऊन आला. धाकूचे मिठागर कोठीला लागूनच होते. माणूस धिप्पाड, हसरा.

“यो दगुड कवा नेतंस सांग, मुकादम,” तो म्हणाला. “आमची अडगल जाईल एकदाची.”

“तुमचा कुनाचा हक्क नाय यावर?”

“आमचा? फिरंगी गेला, त्याचा भूत गेला, आता तू आयलास. तू बी ने आन् जा.”

“पाया बी काढनार हाय.”

“मग बरा झाला,” धाकू म्हणाला. “मुलासकट काढलेला बरा.”

भाकरी रोज येऊ लागली. इतक्या वर्षांत राघोला दगडासाठी शिव्या मिळाल्या होत्या, एकदा अंगावर कुत्री सोडली गेली होती. कालवण कधी मिळाले नव्हते. त्याचा संशय जागा झाला. पण संशयाला बसायला जागा लागते, आणि ती त्याला भलतीकडेच मिळाली.

रोज दुपारी गोदा नावाची एक विधवा कोठीच्या ईशान्य कोपऱ्याशी येई. जोत्यावर फडके पसरून त्यावर मूठ-दोन मुठी जवळा सुकत घाली आणि उन्हे कलेपर्यंत तिथेच बसून राही. कोठीच्या त्या अंगाला तिचे खाजण होते, म्हणजे खारे पाणी बांधाने अडवून भाताखाली आणलेली जमीन. कापणी कधीच झाली होती. शेतात काम नव्हते.

“सुकवायला गावात जागा नाय काय?” राघोने विचारले.

“हाय. तिथं मांजरी बी हाईत.”

“इथं नाय मांजरी?”

“इथं तू हायस,” गोदा म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

राघोने हे धाकूपाशी काढले. धाकूने विडीचा झुरका घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मी काय बोलनार, मुकादम. बाईमानूस. पन नवरा मेला तवापास्ना तिथंच बसतंय. मरताना त्यानं तिचे कानात कायतरी सांगितला, ते आख्ख्या गावानं बघितला. आता तूच बोल, मूठभर जवल्यासाठी कोन दुपारभर उन्हात बसंल?”

राघो ज्या माणसाचे बोलणे ऐके त्याला तो आधी विचारी, हे सांगण्यात तुझा काय लाभ? या वेळी त्याने तो प्रश्न विचारला नाही. धाकूने त्याला सोने आहे असे म्हटलेच नव्हते. त्याने फक्त एक शंका पुढे केली होती, आणि शंका हे राघोचे स्वतःचे नाणे होते. बिजागऱ्यांचा हिशेब त्याला आठवत होता. पण पाद्र्याने पुरले नसेल, मागून कोणी पुरले असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

अमावास्येचे उधाण आले. खाडी फुगली की शिलाड्यातले यच्चयावत माणूस बांधावर जाई. बांध फुटला तर मीठही जाई आणि भातही जाई. गोदाही फावडे घेऊन गेली. भर दिवसा कोठीभोवती चिटपाखरू नव्हते. राघोने ईशान्य कोपऱ्याचा चिरा पहारीने सरकवला आणि खाली खणायला सुरुवात केली.

कमरेइतके खोल गेल्यावर पहारीला खापर लागले. चुन्याने तोंड लिंपलेले मडके. त्याने चुना फोडला, मडके उपडे केले, आणि खाली कोळशांचा ढीग पडला. कोळसे, फुटक्या खापऱ्या, आणि भाजलेले शिंपले.

पुरलेले धन ज्याच्या नशिबी नसते त्याचा हात लागताच त्याचे कोळसे होतात, हे राघोच्या घरी, शेजारी, भावकीत सर्वांना ठाऊक होते. अमक्याला हंडा लागला आणि आत कोळसे निघाले, अशी एक तरी गोष्ट प्रत्येक घरात होती. आयुष्यभर कोणाच्या सांगण्याला पुराव्याशिवाय न भुलणारा हा मनुष्य त्या खड्ड्यात बसून आपल्या कपाळाला दोष देत राहिला. सोन्याचे कोळसे झाले हे ठीक. मग खापऱ्या कशाच्या झाल्या, आणि शिंपले कशाचे, हा प्रश्न त्याला पडला होता असे तो पुढे म्हणे. पण तो त्याने पुढे ढकलला. असले कोळसे घरात नेऊ नयेत, म्हणून ओहोटी लागताच त्याने ते खाडीत सोडले, मडके फोडून तेही टाकले, आणि खड्डा बुजवला.

बुजवलेली माती ओळखू येते, हे त्याच्याइतके कोणाला माहीत असणार? म्हणून त्याने दुसऱ्याच दिवशी माणसे बोलावली आणि काम नेमके त्याच कोपऱ्यापासून सुरू केले. चार दिशांतून पहारी फिरल्या. पायाचा काळा दगड उपटला गेला. पाठोपाठ भरतीचे पाणी चरात शिरले आणि गाळ बसला. कोपरा कुठे होता हे तिथे उभे राहूनही सांगता येईना.

धाकूची भाकरी त्या दिवसापासून बंद झाली.

राघोने ते लगेच हेरले. हेरून तो अस्वस्थ झाला. आणि संध्याकाळी, बांधावरचे काम उरकल्यावर, गोदा आली. फडके तिच्या हातात होते, ते कुठे पसरावे हे तिला कळेना. ती रडली नाही. चिखलाकडे पाहून तिने राघोला विचारले, “कोलसं कुठं टाकलंस?”

सोने कुठे आहे, असे तिने विचारले नाही. राघोने हे पुढे ज्याला ज्याला सांगितले त्याला हेच पुन्हा पुन्हा सांगितले. तिने कोळसे विचारले.

“तुला काय ठाव कोलसं व्हतं?”

“माज्या सासऱ्यानं पुरलेलं. शिवेची खून. माजं खाजन आन् धाकूचं आगर, मधी यो कोपरा. वरती कोपरा दिसतंय, खालती खून. कोलसा कुजत नाय, खापरी कुजत नाय, शिपला कुजत नाय, म्हनून ते घालायचं. मोजनी येतंय शिमग्यानंतर. आता कोपरा बी नाय आन् खून बी नाय. धाकू बोलंल तिथं शीव.”

शीव दहा पावले आत सरकली की खाजणाला गोडे पाणी देणारी बांधातली मोरी धाकूच्या हद्दीत जाणार होती, आणि मोरी गेली की उरलेल्या खाजणात भात पिकणार नव्हता. हे तिने सांगितले नाही. राघोने मोरीकडे पाहिले आणि त्याला कळले.

“मना आधी का नाय सांगितलंस?”

“तुना?” गोदा म्हणाली. “तू कुनाचा?”

“धाकूला ठाव व्हता?”

“कायतरी पुरलंय, यवढं ठाव व्हतं. नेमकं कुठं आन् किती खोल ते नवतं. त्याला खनता येत नवता, गाव बघतंय. म्हनून तुना जेवू घातला.”

राघो त्या रात्री नौपाड्याला घरी गेला आणि सगुणेला सारे सांगितले. त्याला अजूनही शंका होती. ही बाईही आपल्याला वापरीत नसेल कशावरून? हिचेच खाजण दहा पावले अलीकडे असेल आणि हिला धाकूचे आगर हवे असेल तर? निघण्याआधी त्याने गोदाला परीक्षेसाठी विचारले होते, की खड्ड्यात आणखी काय होते? तिने उलट विचारले होते, “किती खोल गेलास?” मडक्यापर्यंत, असे त्याने सांगितल्यावर ती म्हणाली होती, “मग खालचं नाय बघितलंस.” खाली काय आहे हे मात्र तिने सांगितले नाही.

“ती खोटं बोलत असंल तर मी गाढव ठरंन,” राघो म्हणाला. “खरं बोलत असंल तर चोर ठरंन.”

दगड शेटचे होते, पण खालची जमीन सरकारची. आणि जमिनीतून धन निघाल्यास वर्दी दिली पाहिजे, लपवले तर शिक्षा, असा कायदा होऊन दहा वर्षेही झाली नव्हती.

“गप बसलास तर?” सगुणेने विचारले.

“गप बसलो तर कायच नाय. कुनाला ठावच नाय.”

“तुला ठाव हाय की,” सगुणा म्हणाली. “तू कुनाला सोडत नाय. सोताला कसा सोडशील?”

शिमगा झाला. मोजणीदार श्रीपादपंत साखळी, निशाणे आणि दोन शिपाई घेऊन शिलाड्याला आले. गृहस्थ कोकणस्थ, काटेकोर, बोलायला रुक्ष. पंच बसले. धाकूने हद्द दाखवली. ती मोरीच्या पलीकडे, गोदाच्या बाजूला होती. गोदाने हरकत घेतली, पुरलेल्या खुणेचे सांगितले, आणि ती कुठे असे विचारताच कोठीच्या कोपऱ्याखाली, असे म्हणून चिखलाकडे बोट दाखवले. लोक हसले. शिपायांनी दोन ठिकाणी खणून पाहिले. गाळ निघाला.

“बाई, खूण दाखवता येत नसेल तर हरकतीचा उपयोग नाही,” श्रीपादपंत म्हणाले.

राघो कोठीच्या विहिरीच्या कठड्याशी उभा होता. विहिरीचे दगड काढायचे अजून बाकी होते. कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी तो काठीने मापे घेऊन ठेवी, आणि या कोपऱ्याचे कठड्यापासूनचे अंतर त्याच्या ध्यानात होते. त्याने काठी टाकीत टाकीत माप घेतले, एका जागी ती रोवली आणि म्हणाला, “रावसाहेब, इथं खना.”

“तुला कसे माहीत?”

“मी खनलंय हितं.”

“कशासाठी?”

राघोने धाकूकडे पाहिले, मग गोदाकडे. “धनासाठी,” तो म्हणाला.

पंचांत कुजबुज झाली. श्रीपादपंतांनी दौतीत बुडवलेली लेखणी तशीच धरून ठेवली. “सापडले काय?”

“कोलसं.”

आता सगळाच गाव हसला. धाकू सर्वांत मोठ्याने. “बराबर हाय, मुकादम. आमाला सापडला आसता तर आमी बी कोलसंच बोललो आसतो.”

श्रीपादपंत हसले नाहीत. हा मनुष्य बाईशी संगनमत करून आला आहे, असा त्यांचा पहिला तर्क होता, आणि त्यांच्या जागी कोणीही तोच केला असता. त्यांनी राघोला दूर उभे केले. गोदाला जवळ बोलावून, इतरांना ऐकू जाणार नाही असे विचारले, की मडक्याच्या खाली काय आहे? तिने सांगितले. मग त्यांनी राघोला बोलावून तेच विचारले.

“ठाव नाय, रावसाहेब. मी मडक्याखाली गेलो नाय.”

“तरीही इथेच खणा म्हणतोस?”

“मडकं हितं व्हतं. खाली काय हाय ते बाईला ठाव. नसलं काय तर आमी दोगं बी खोटं.”

शिपायांनी खणायला घेतले. कमरेइतका खड्डा झाला. नुसता गाळ आणि माती. धाकूने उठून धोतर झटकले. आणखी हातभर गेल्यावर फावडे दगडावर वाजले. जात्याची तळी होती, पालथी घातलेली, मधल्या खुंट्याच्या भोकात शिशाचा गोळा बसवलेला. गोदाने पंतांच्या कानात नेमके हेच सांगितले होते. पंतांनी पंचांना एकेक करून खड्ड्यात वाकून पाहायला लावले, त्यांच्या निशाण्या घेतल्या, आणि साखळी तिथून धरली. मोरी गोदाकडे राहिली.

मग त्यांनी राघोचा जबाब निराळ्या कागदावर घेतला आणि मामलेदाराकडे धाडला. ते त्यांचे कर्तव्यच होते.

पुढचे सारे अपेक्षेप्रमाणे झाले. नौपाड्यातल्या घराची झडती झाली. जमीन उकरली, चूल खणली, तुळशीची माती चाळली. काहीच न निघाल्याने खटला उभा राहिला नाही. पण काही न निघणे हा निर्दोषपणाचा पुरावा कोणी मानीत नाही. तो चतुराईचा पुरावा मानतात. शेटने त्याला काढून टाकले. आपल्या दगडांखालून दुसऱ्याने काय नेले असेल या विचाराने, म्हणतात, शेटला पुष्कळ दिवस झोप आली नाही. दुसऱ्या कोणत्याही कंत्राटदाराने त्याला पडक्यावर उभे केले नाही. राघो ठाण्याच्या रस्त्यांवर रोजाने खडी फोडू लागला. तरीही लोक म्हणत की खडी फोडणे हे सोंग आहे, आणि सोंग फार काळ वठवतो तो खरा लबाड. सगुणेने एका दिवाळीला साधे पातळ घेतले, तर ते कोणत्या दुकानातून घेतले हे चार घरच्या बायका पाहून आल्या.

राघोला याचा राग येत नसे. आपण त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटले असते, असे तो सगुणेला सांगे. सगुणेला मात्र राग येई.

मार्गशीर्षात, झोडणी झाली की, गोदा शिलाड्याहून बैलगाडीत खाजणातल्या तांबड्या भाताचे एक पोते नौपाड्याला पाठवी. ती स्वतः कधी आली नाही, आणि राघो पुन्हा शिलाड्याला गेला नाही. गाडी दारात उभी राहिली की आळीतली माणसे काही ना काही निमित्ताने बाहेर येत. सगुणा पोते तसेच आत नेत नसे. अंगणात चटई टाकून, पोत्याचे तोंड सोडून, ती ते सर्वांदेखत तळापर्यंत ओती. रिकामे पोते उलटे करून झटकी. मग सुपाने भात भरून आत नेई.

“हे काय दर साली?” एकदा शेजारीण मालन म्हणाली. “आमी काय बघतंय काय तुज्याकडं?”

“बघा की,” सगुणा म्हणाली. “बघायलाच वतलंय.”

मालन जवळ आली. तिने वाकून मूठभर भात उचलला, तळहातावर पसरला, बोटाने उलटासुलटा केला, आणि परत चटईवर टाकला.